शांतता कमिटीच्या यादीत आई नव्हती
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो, आणि तिकडं मागं दाराजवळ चहाच्या स्टोव्हभोवती उभ्या असलेल्या बायांनो,

आधी तुम्ही पुढं या. सतरंजीवर जागा आहे. पोरं सरकतील. सरका रे. चहा पाच मिनिटं उशिरा झाला म्हणून क्रांती अडून राहणार नाही.

मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. कंत्राटी. शिक्षण मॅट्रिक. चार कविता छापून आल्यात म्हणून तुम्ही मला बोलायला उभं करता. या वेळी विषय दिलात : 'शांतता आणि सुरक्षा यांत स्त्रियांचा सहभाग व राष्ट्रीय धोरण.' वाचून मला वाटलं, हा दिल्लीच्या थंडगार हॉलमधला माल आपल्या धक्क्यावर कसा लागला? युनोचे कागद, परराष्ट्र खातं, राजदूत. आपला काय संबंध? मग कागद वाचत गेलो आणि जागोजागी मला माझी आईच दिसायला लागली. म्हणून आधी आईची गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या रात्री आमच्या वस्तीत दगडफेक झाली. एक आमची गल्ली, एक पलीकडची. निमित्त लाउडस्पीकरचं. दोन डोकी फुटली, एक रिक्षा जळली. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, शांतता कमिटी करायचीय, दोन्ही गल्ल्यांची नावं द्या. मंडळाच्या खोलीत बसून यादी मी लिहिली. अक्षर बरं आहे म्हणून. एकवीस नावं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी अध्यक्ष, केबलवाला, पलीकडचे दोन दुकानदार, एक रिटायर्ड हवालदार. यादी घेऊन घरी गेलो. आई भाकरी थापत होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "वाच." मी वाचली. मग ती म्हणाली, "दगडं यायला लागली तवा गल्लीच्या तोंडाला कोन उभं हुतं रं?"

साथींनो, त्या रात्री या एकवीसपैकी निम्मे माळ्यावर लपले होते आणि निम्मे दगड मारत होते. गल्लीच्या तोंडाशी आई होती, शेजारची मावशी होती आणि पलीकडच्या गल्लीतल्या तीन बाया होत्या. ना आमच्या जातीच्या, ना आमच्या धर्माच्या. सार्वजनिक नळावर रोज एकमेकींना शिव्या घालणाऱ्या या पाच बाया त्या रात्री हाताला हात धरून उभ्या राहिल्या. पोरांच्या हातातल्या बाटल्या त्यांनी काढून घेतल्या. आईच्या दंडाला वीट लागली. त्या जखमेची नोंद कुठल्याही पंचनाम्यात नाही.

आणि मी तिला काय उत्तर दिलं? "आई, ठाण्याचं काम आहे. रात्रीबेरात्री जावं लागतं. बायांचं काम नव्हं." हे मी बोललो. विद्रोही कवी. मनूच्या नावानं चार ओळी लिहून टाळ्या घेणारा. आई काही बोलली नाही. भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.

आता त्या युनोच्या कागदाकडं येतो.

३१ ऑक्टोबर २००० रोजी युनोच्या सुरक्षा परिषदेनं एकमतानं एक ठराव केला. क्रमांक १३२५. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद नामिबियाकडं होतं. नामिबिया म्हणजे वंशभेदी दक्षिण आफ्रिकेच्या टाचेखाली भरडला गेलेला आणि १९९० साली स्वतंत्र झालेला काळ्या माणसांचा देश. ठरावाच्या आधी त्याच वर्षी मे महिन्यात त्या देशाच्या राजधानीत, विंडहुकला, या विषयावरचा जाहीरनामा निघाला होता. आणि परिषदेच्या दारावर धडका मारत होत्या त्या युद्धात होरपळलेल्या देशांतल्या बायांच्या संघटना. तेव्हा 'ही गोऱ्या मडमांची फॅशन' असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा.

ठरावात चार गोष्टी आहेत. पहिली सहभाग : युद्ध थांबवायला, करार करायला, नंतरचा देश उभारायला बाई टेबलावर पाहिजे. दुसरी संरक्षण : युद्धात बाईच्या शरीरावर होणारे अत्याचार थांबले पाहिजेत, करणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. तिसरी प्रतिबंध : भडका उडायच्या आधीच तो विझवायचा. चौथी मदत आणि पुनर्वसन : छावणीत, राशनमध्ये, नुकसानभरपाईत बाईचा हिशेब वेगळा धरायचा.

याची गरज का पडली? १९९२ ते २०११ या काळातल्या एकतीस मोठ्या शांतता-प्रक्रियांची तपासणी युनोच्याच महिला विभागानं केली. करारावर सह्या करणाऱ्या शंभरांत बाया चार. वाटाघाटीला बसणाऱ्या शंभरांत नऊ. म्हणजे जगभर हेच चाललंय. पेटवणारे पुरुष, विझवल्याचं सर्टिफिकेट घेणारे पुरुष, आणि मधल्या मधे भाजलेल्या बाया. माझी एकवीस नावांची यादी काही जगावेगळी नव्हती.

ठराव झाला, पण ठराव म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. २००४ साली सुरक्षा परिषदेनं देशांना सांगितलं की आपापले राष्ट्रीय कृती आराखडे करा. आराखडा म्हणजे काय? कुठल्या खात्यानं काय करायचं, कधीपर्यंत करायचं, पैसा कुठून आणायचा आणि झालं का नाही ते कोण मोजणार, हे लिहून ठेवायचं. आमच्या गोदीत टॅली क्लार्क असतो. जहाजातून उतरलेला प्रत्येक नग तो वहीत टिपतो. टॅली नसेल तर माल उतरला म्हणायचं कशावरून? आराखडा म्हणजे सरकारची टॅली. डेन्मार्कनं २००५ साली पहिला आराखडा केला. आज शंभराहून अधिक देशांचे आहेत. आपल्या शेजारात नेपाळनं २०११ ला केला, बांगलादेशनं २०१९ ला, श्रीलंकेनं २०२३ ला.

आणि भारत? भारताचा आराखडा नाही. पंचवीस वर्षं उलटली तरी नाही.

गंमत बघा. २००७ साली भारतानं आफ्रिकेतल्या लायबेरियाला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर बायांची तुकडी पाठवली. युनोच्या इतिहासातली संपूर्ण महिलांची पहिली पोलीस तुकडी. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या, आपल्या बाया तिथं रात्रीची गस्त घालत राहिल्या. त्याचा मला अभिमान आहे. बंदूक घेऊन उभी असलेली बाई बघून तिथल्या पोरींना पोलिसात जावंसं वाटलं असेल तर चांगलंच आहे. पण ज्या लायबेरियात आपण बाया पाठवल्या, तिथल्या बायांनी स्वतः काय केलं होतं? २००३ साली लेमा बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती-मुसलमान बाया पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसल्या. वाटाघाटी घाना देशात अक्राला चालल्या होत्या. सरदार लोक हॉटेलात मजा मारत होते आणि मायदेशी माणसं मरत होती. बाया अक्रालाही पोचल्या, हॉलच्या दारात ठिय्या दिला, करार केल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. त्याच ऑगस्टमध्ये करार झाला. २०११ साली लेमा बोवीला नोबेल मिळालं. लायबेरियानं २००९ सालीच आपला आराखडा केला होता. शिकवायला गेलो आपण, आणि शिकायचं ते विसरून आलो.

आपलं सरकार म्हणतं, आमच्या देशात 'सशस्त्र संघर्ष' नाहीच, मग आराखडा कशाला? शब्दाची करामत बघा. संघर्ष नाही, पण १९५८ पासून ईशान्येत लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा आहे. संघर्ष नाही, पण ३ मे २०२३ ला पेटलेल्या मणिपुरात हजारो माणसं छावण्यांत गेली. कुकी बायांची नग्न धिंड निघाली. व्हिडिओ जुलैत बाहेर आला तेव्हा देशाला शरम वाटली. तोपर्यंत अडीच महिने कुणाला वाटली नव्हती.

आता नेपाळकडं चला. जरा थांबून बघू, कारण तिथं आपल्या जातीचे, म्हणजे दलित, लाखोंनी आहेत. कामी, दमाई, सार्की, बादी. नावं वेगळी, उंबऱ्याबाहेरचं जिणं तेच.

१३ फेब्रुवारी १९९६ ला तिथं माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं. दहा वर्षं चाललं. तेरा हजारांवर माणसं मेली. नंतरचा सरकारी आकडा सतरा हजारांपर्यंत गेला. गावोगावच्या दलित पोरी बंदूक घेऊन त्यात गेल्या. का जाणार नाहीत? घरी विटाळ आणि वेठ. तिकडं निदान कुणी 'कॉम्रेड' म्हणत होतं. युद्ध संपल्यावर युनोनं माओवादी सैनिकांची पडताळणी केली. १९,६०२ जण पात्र ठरले. त्यांत बाया ३,८४६. पाचात एक बाई.

२१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार झाला. सह्या दोन. गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड. दोन्ही पुरुष, दोन्ही ब्राह्मण. लढायला पाचात एक बाई, सही करायला एकही नाही. पुढं ही फौज नेपाळी लष्करात सामावून घ्यायची ठरली, तेव्हा सरतेशेवटी सुमारे चौदाशे जण आत गेले. त्यात बाया जेमतेम शंभर. बाकीच्या पैसे घेऊन घरी. ज्या घरातून पळाल्या होत्या त्याच घरी, त्याच चुलीपुढं.

२०११ चा आराखडा या राखेतून आला. दक्षिण आशियातला पहिला. गावपातळीवरच्या शांतता समित्यांत एक-तृतीयांश बाया पाहिजेत, हे धोरण झालं. चांगलं झालं. पण युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले त्यांचं काय? मेलेल्याच्या घराला, बेपत्ता माणसाच्या घराला सरकारी मदत मिळाली. बलात्कार झालेल्या बाईला मदतीच्या यादीत जागाच नव्हती. ती ना मेलेली, ना बेपत्ता. ती जिवंत होती हाच तिचा गुन्हा. या बायांनी तोंड उघडायला, संघटना बांधायला वर्षं घालवली. तेव्हा कुठं २०२२ च्या दुसऱ्या आराखड्यात त्यांचा विषय ठळकपणे आला.

आणि आता कान देऊन ऐका. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत नेपाळच्या कायद्यानं सांगितलं की प्रत्येक वॉर्डात दोन बाया निवडून आल्या पाहिजेत आणि त्यातली एक दलित असली पाहिजे. नुसतं 'महिला' म्हटलं नाही. 'दलित महिला' म्हटलं. एका निवडणुकीत साडेसहा हजारांवर दलित बाया निवडून आल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या सहीशिवाय कागद हलणार नाही अशी पाळी आली. मला मान्य आहे, सगळं गोड नाही. काही वॉर्डांत उमेदवार मिळाल्या नाहीत, जागा रिकाम्या राहिल्या. कित्येकींना बैठकीचा निरोप मिळत नाही, सही मात्र मागवली जाते. पण रिकामी राहिलेली खुर्चीसुद्धा बोलते. ती सांगते, इथं कुणीतरी बसायला पाहिजे होतं. माझ्या एकवीस नावांच्या यादीत तर रिकामी जागासुद्धा नव्हती.

नेपाळची आणखी एक गोष्ट थेट आपल्या मुंबईत घडली. ज्या फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथं युद्ध पेटलं, त्याच फेब्रुवारीत इथं कामाठीपुऱ्यात पोलिसांनी मोठी धाड घातली. शेकडो मुली 'सोडवल्या'. त्यात नेपाळच्या पुष्कळ होत्या. सोडवल्या म्हणजे सरकारी गृहांत कोंडल्या. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार होईना. तुम्ही आमच्या नागरिक कशावरून, दाखवा कागद! महिने गेले. शेवटी तिकडच्या संस्थांनी त्यांना परत नेलं. परत गेलेल्या मुलींतल्या काहींनी त्याच वर्षी आपली स्वतःची संघटना काढली, 'शक्ती समूह'. पुढं २०१३ साली त्या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी हे का सांगतोय? संरक्षण आणि सहभाग यांतला फरक कुठल्याही प्रोफेसरपेक्षा या मुलींनी नीट सांगितला म्हणून. धाड हे संरक्षण होतं. बाईला उचललं, गाडीत घातलं, कुलूप लावलं. ती काय म्हणते हे कुणी विचारलं नाही. संघटना हा सहभाग. आता काय करायचं ते त्या ठरवत होत्या. सरकारांना संरक्षण फार आवडतं. त्यात बाई वस्तू राहते, आज त्याच्या ताब्यात, उद्या यांच्या. सहभाग म्हटला की सरकारच्याच पोटात गोळा येतो. आणि सरकारच्याच कशाला? आपल्याही.

होय, आपल्याही. १९७२ साल आठवा. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झाली. त्याच वर्षी पँथर उभी राहिली. पंधरा ऑगस्टच्या 'साधने'त राजा ढाल्यांनी हिशेब मांडला होता : राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित बाईच्या अब्रूला पन्नास. देश हादरला. म्हणजे आपल्या बंडाच्या मुळाशीच बाईच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. पण मोर्च्यात तिचा फोटो आणि कमिटीत आपली नावं, हा धंदा आपणही केला. खैरलांजी झाली तेव्हा, २००६ साली, नागपूर-भंडाऱ्याकडच्या बाया स्वतः रस्त्यावर उतरल्या होत्या, लाठ्या खाल्ल्या होत्या. नंतर पुढाऱ्यांच्या बैठका झाल्या तेव्हा त्यांतल्या कितीजणींना बोलावणं गेलं, हे आपलं आपण मोजावं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बाई आली की शांतता आपोआप येते, असं मी म्हणत नाही. बाईच्या पदराला जात चिकटलेली असते, धर्म चिकटलेला असतो. मणिपुरातल्या मैरा पायबी, मशालवाल्या आया, यांनी मोठा इतिहास घडवला. २००४ साली मनोरमाच्या हत्येनंतर बारा आया इम्फाळच्या कांगला किल्ल्यापुढं विवस्त्र होऊन उभ्या राहिल्या, लष्कराला सवाल टाकला. त्यांच्यापुढं माझी मान झुकते. पण २०२३ साली त्याच मणिपुरात एका जमातीच्या बाया दुसरीच्या विरुद्ध रस्ते अडवून उभ्या होत्या. १९८४ साली उभी राहिलेली नागा मदर्स असोसिएशन रक्त सांडू नका म्हणून जंगलात जाऊन बंदूकवाल्यांना विनवत आलीय. पण त्याच नागालँडमध्ये नगरपालिकांत बायांना एक-तृतीयांश जागा द्यायच्या म्हटल्यावर २०१७ साली जाळपोळ झाली आणि ती निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं. तेव्हा 'बाई' एवढं म्हणून भागत नाही. कुठली बाई? कुणाची बाई? तिला तिथं कुणी पाठवलं? वरच्या जातीची एक साडी खुर्चीवर ठेवली की सहभाग झाला, असला आराखडा आपल्याला नको.

आणि नुसता कागदही पुरत नाही. अफगाणिस्ताननं २०१५ साली आराखडा केला होता. २०२१ साली तालिबान आलं आणि बाई शाळेतून, कचेरीतून हाकलली गेली. कागदामागं खालून संघटना पाहिजे. तरीही मी कागद मागतो. बाबासाहेबांनी आपल्याला कागदाची ताकद शिकवलीय. हक्क लिहिलेला असला की तो मागता येतो, कोर्टात ओढता येतं, सरकारच्या नाकावर आपटता येतं. लिहिलेलाच नसला तर नुसत्या विनवण्या.

म्हणून आपल्या मागण्या सरळ ठेवू. एक, भारतानं राष्ट्रीय आराखडा करावा, आणि तो परराष्ट्र खात्याच्या कपाटासाठी नको, देशातल्या दंगलींसाठी आणि जातीय हल्ल्यांसाठीही पाहिजे. बहिष्कृत गावात पाणी तोडतात, पिठाची गिरणी बंद करतात, ते युद्धच आहे. दोन, त्यात दलित, आदिवासी, भटक्या, मुसलमान बायांची जागा नाव घेऊन लिहावी. तीन, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या जिल्हा दक्षता समित्या आणि ठाण्याच्या शांतता कमिट्या यांत निम्म्या बाया पाहिजेत, त्यांचा त्या दिवसाचा रोज भरून दिला पाहिजे. धुणंभांडी करणारी बाई खाडा करून बैठकीला आली तर तिची चूल कशी पेटणार? आणि चार, हे सरकारला सांगायच्या आधी आपल्या मंडळात करावं. उद्यापासून.

आईचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. यादी मी परत आणली. सात बायांची नावं घातली, दोन्ही गल्ल्यांतल्या. ठाण्यातला साहेब म्हणाला, "यांना कशाला त्रास?" पहिल्या बैठकीला सातांपैकी चार आल्या. पुरुष तासभर लाउडस्पीकरवर, झेंड्याच्या उंचीवर आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर भांडले. मग आईला बोलायला सांगितलं, ती बसूनच बोलली. म्हणाली, "भांडन लाऊडस्पीकरचं न्हाईच. भांडन नळाचं हाय. दोन गल्ल्यांना एक नळ, पानी अर्धा तास. आन संडासाच्या वाटंवर दिवा न्हाई. तितं पोरीची छेड निघती, मग ह्ये दगडं घेत्यात." पलीकडच्या गल्लीतली बाई म्हणाली, "बराबर है."

इतकंच. चार ठिकाणच्या चौकशीला जे सापडलं नव्हतं ते या दोघींना पहिल्यापासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं.

नळाची वेळ आता वाटून घेतलीय. दिवा अजून लागलेला नाही. अर्जावर आईचा अंगठा आहे, खाली पलीकडच्या बाईची सही आहे, आणि दर सोमवारी त्या दोघी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढतात. या सोमवारी आपल्यातले किती जण सोबत येणार, त्यांनी हात वर करावा.

जय भीम!